नळाचा कौल

माझ्या सासरच्या गल्लीत देवीला काही विचारायचं असेल तर आधी चौदाही घरांचं प्रश्नावर एकमत व्हावं लागे. उत्तरावर नव्हे, प्रश्नावर. उत्तर द्यायचं काम देवीचं, त्यात आपण लुडबुड करायची नाही. पण काय विचारायचं ते माणसांनी ठरवायचं, आणि एका जरी घराला तो प्रश्न पसंत नसला तरी देवीपुढे जायचं नाही, असा तिथला रिवाज. उमरेडहून लग्न होऊन मी त्या गल्लीत आले तेव्हा मला हे सारं फार भाबडं वाटलं होतं. नुकत्याच सातवी पास झालेल्या मुलीला जगातलं बहुतेक सगळंच भाबडं वाटतं. पुढे दोन वर्षांनी अशाच एका प्रश्नापायी माझा स्वतःचा जीव टांगणीला लागला, तेव्हा मात्र मी कान टवकारून बसले.

नागपूर तेव्हा अजून मध्यप्रदेशाची राजधानी होतं. आमची गल्ली सक्करदऱ्याकडे, सगळी घरं विणकरांची, घरोघरी हातमाग. गल्लीच्या तोंडाशी देवीचं देऊळ होतं. देऊळ म्हणजे एका खोलीएवढं, पुढे चार लाकडी खांबांचा मंडप. गल्ली मात्र अगदी सरळ होती, आणि ती सरळ होती म्हणून आमचं पोट चालत होतं. उभं सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर ते विणताना तुटतं. त्यासाठी अख्खा ताणा, म्हणजे ते सगळं उभं सूत, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून बांधायचा, त्यावर तांदळाची शिजवलेली खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी मोठे कुंचे फिरवत ती सुतात जिरवत जायची. याला पांजणी म्हणत. ती ऊन चढायच्या आत उरकावी लागे, म्हणून उजाडताच सुरू होई. आणि ती एकट्या घराच्या हातची गोष्ट नव्हती. आज एकाच्या ताण्याला सगळे, उद्या दुसऱ्याच्या. काल संध्याकाळी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरलेली माणसं सकाळी समोरासमोर कुंचा धरून गुमान चालताना मी पाहिली आहेत. बोलत नसत, पण पाऊल बरोबर पडायचं.

पाण्याचं मात्र असं नव्हतं. ते ज्या त्या घरच्या बाईनेच आणायचं. गल्लीतली विहीर होळी झाली की तळ दाखवायची, मग सक्करदऱ्याच्या तलावाअलीकडच्या विहिरीवर जावं लागे. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, गुडघ्यांनी बसवून ठेवलं होतं, त्यामुळे घरचं सगळं पाणी माझ्याकडे. रोजच्या चार खेपा. मला सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण. चैत्रात एकदा विहिरीच्या पायरीवर पाय घसरला. घागर गेली, मी थोडक्यात वाचले. सुईणीने पोट चाचपून पाहिलं आणि आत्याबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, पण माझे कान काही बहिरे नव्हते.

"यावेळी निभावलं," ती म्हणाली. "आणखी एक डाव पडली तं मी काही सांगू शकत नाही."

तेव्हापासून प्रत्येक पायरीवर मी आधी पाय ठेवून पाहायची, मग भार द्यायची. चार खेपांना अर्धा दिवस जाऊ लागला.

अशात एका सोमवारी नगरपालिकेचा ओव्हरसियर सायकलवरून आला. गल्लीला एक नळ मिळणार होता. मोठा पाइप देवळापर्यंतच येत होता, तेव्हा नळ देवळासमोरच लागेल, दुसरीकडे नाही. आणि चौदाही घरांच्या सह्या किंवा अंगठे असलेला अर्ज शनिवारपर्यंत हवा. एक घर जरी कमी पडलं तरी नळ पलीकडच्या गल्लीला. दुसऱ्या एका वस्तीत म्हणे नळ लावल्यावर अर्ध्या लोकांनी तक्रार केली होती आणि लावलेला नळ उपटावा लागला होता, तेव्हापासून साहेबांनी हा नियमच करून टाकला होता.

मी दाराआडून ऐकलं आणि मनातल्या मनात देवळासमोरून आमच्या दारापर्यंतची पावलं मोजली. वीससुद्धा नव्हती. इतका आनंद झाला की हातातलं पीठ तसंच राहिलं. तो आनंद माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, ओव्हरसियरची सायकल वळायच्या आत संपवला.

"आमाले नळ नको," मामाजी म्हणाले.

मामाजी हे गल्लीतले सगळ्यात जाणते विणकर. त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं बरोबरही होतं. ताण्याचा खुंट देवळासमोरच रोवला जाई. नळाला पाणी यायचं उजाडताना, पांजणीची वेळही तीच. तिथे घागरी, बायका, सांडलेलं पाणी, चिखल. पांढऱ्या ताण्यावर चिखलाचा एक शिंतोडा उडाला तर तो लुगड्यात उतरतो, आणि असलं लुगडं व्यापारी बाजूला फेकतो. मी विणकराची मुलगी, मला हे सगळं कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता. चुकणाऱ्या माणसावर रागावणं सोपं असतं.

नळाच्या बाजूने सगळ्यात जोरात उभे राहिले समोरच्या घरचे काकाजी. हे मामाजींचे लहानपणापासूनचे मित्र. दोघांचं माग सोडून दुसऱ्या कशावरच कधी एकमत झालेलं मी पाहिलं नाही. निवडणुकीत एकाने ज्या पेटीत मत टाकलं असेल ती सोडून दुसऱ्याने टाकायचं, एकाने पानात चुना जास्त घेतला तर दुसऱ्याने कमी. सोमवारी दुपारपर्यंत गल्ली उभी दुभंगली, सात घरं इकडे नि सात घरं तिकडे, आणि संध्याकाळच्या आत सर्वांनी ठरवलं की आता देवीलाच विचारावं. तेवढ्यावर मात्र कोणाचं दुमत नव्हतं.

मंगळवारी दुपारी माग थांबवून सगळे मंडपात बसले. मलाही बोलावणं आलं, कारण गल्लीत भराभर लिहिता येणारी मी एकटीच. सुनेने थोरांच्या बैठकीत बसायचं कसं, म्हणून मला खांबाआड पाट दिला आणि हातात पाटी-पेन्सिल. कागद का नको, ते मला अर्ध्या तासात कळलं.

पहिला प्रश्न काकाजींनी सांगितला: गल्लीचं भलं करणारा नळ घ्यावा का?

मी लिहिला. वाचून दाखवला.

"अशानं देवी नाही कशी म्हणन?" मामाजी म्हणाले. "भलं तं तू आधीच लिहून टाकलं. पुस ते."

मी पुसलं. मग मामाजींनी त्यांचा प्रश्न दिला: पांजणी बुडवणारा नळ घ्यावा का?

"हे बरं हाय गा," काकाजी म्हणाले. "तू देवीले विचारून राहिला का धमकावून राहिला?"

तेही पुसलं. एकाचं म्हणणं पडलं, नळ घ्यावा की न घ्यावा असं सरळ विचारा. त्यावर दुसऱ्याने हरकत घेतली, की देवीला एका वेळी एकच गोष्ट विचारतात, दोन विचारल्या तर ती कशाला हो म्हणाली ते कसं कळणार. शेवटच्या घरचा म्हातारा म्हणाला, एवीतेवी देवीपुढे जातोच आहोत तर सुताचा भाव कधी उतरेल तेही विचारून घ्या. ते अर्थात कोणी मनावर घेतलं नाही, पण त्यावर चर्चा मात्र तासभर झाली. मंगळवार गेला, बुधवार गेला. माझी पाटी पुसून पुसून काळी कुळकुळीत झाली. इथे माझं पोर पोटात नि हे लोक शब्द चाळत बसलेत, असं मला झालं होतं.

गुरुवारी आत्याबाई माझ्या आधाराने मंडपापर्यंत आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं.

"तीन दिवस झाले लिहून राहिले," त्या अखेर बोलल्या, "पण पाणी कोण भरते, ते काही पाटीवर आलं नाही बाप्पा."

मग मामाजी म्हणाले, "ते देवीले माहीत हाय."

"मंग बाकीचंही माहीत असन. मंग एवढं कशाले लिहून राहिले?"

काकाजी मिशीत हसले. हळूहळू एकेकाने आपापलं प्रश्नातून काढून घ्यायला सुरुवात केली. काकाजींनी गल्लीचं भलं काढलं, मामाजींनी पांजणी काढली, आणखी कोणी चिखल काढला, कोणी उन्हाळा. शेवटी पाटीवर एवढंच उरलं: देवीच्या दारात नळ यावा का? मी वाचून दाखवलं. चौदाही घरांनी मान डोलावली. त्यात कोणाचंच काही उरलं नव्हतं, म्हणून तो सगळ्यांचा झाला होता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की रिवाज अगदीच भाबडा नसावा. आणि लगेच हेही वाटलं, की गुरुवार संपत आला आहे.

शुक्रवारी सकाळी कौल लावायचा ठरला. कौलाची रीत अशी: देवीच्या शेंदरी अंगावर, उजव्या नि डाव्या खांद्याला, एकेक लाल कण्हेरीचं फूल पाण्याने ओलं करून चिकटवायचं. पाणी सुकलं की फूल आपोआप गळतं. उजवं आधी गळलं तर हो, डावं आधी गळलं तर नाही. आणि फुलं लावायची कोणी, तर ज्याचा त्या गोष्टीला सगळ्यात जास्त विरोध असेल त्याने, म्हणजे मागाहून कोणी कोणाच्या हाताला दोष देऊ नये. एकदा फुलं लागली की कौल मिळेपर्यंत गल्लीतला माग चालायचा नाही, चूल पेटायची नाही, आणि फुलं लागताना जो मंडपात असेल त्याने उठून जायचं नाही.

तर फुलं मामाजी लावणार होते.

त्या सकाळी नेमका काकाजींचा ताणा गल्लीत मांडलेला होता. आदल्या दिवशीच तो बांधून झालेला, आता मांडलेला ताणा सोडून उठणं म्हणजे सूत वाया घालवणं. पहाटे आंघोळ करून मामाजी कुंचा घेऊन निघाले. आदल्या दुपारी काकाजींशी त्यांचं चांगलंच वाजलं होतं, पण पांजणी ती पांजणी. खळ आमच्याकडे शिजायची, कारण गल्लीतलं सगळ्यात मोठं पातेलं आमचं. मी उजाडायच्या आत आणलेल्या दोन घागरी त्या पातेल्यात गेल्या. रांजणात उरलं होतं नव्हतं तेही गेलं. मग मी तिसऱ्या खेपेला निघाले.

परत आले तेव्हा ऊन वर आलं होतं, ताणा सुकत होता आणि गल्ली सगळी मंडपात होती. घरी आत्याबाई तेवढ्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"फुलं लागले," त्या म्हणाल्या. "चाल, मले धर."

मी घागर ठेवली. "मामाजी घरी आले होते का जी?"

"आले होते हात धुवायले. रांजण कोरडा. तेवढ्यात बोलावणं आलं, तं धोतरालेच हात पुसून गेले."

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आम्ही दोघी मंडपात जाऊन बायकांच्या बाजूला बसलो.

कण्हेरीचं फूल सुकून गळायला फार तर तासभर लागतो. तास झाला. दोन तास झाले. दोन्ही फुलं देवीच्या खांद्यांवर जशीच्या तशी. चौदा घरची माणसं देवीकडे टक लावून बसली होती. एक माशी आली आणि उजव्या फुलावर बसली. काकाजींच्या बाजूचे सातजण जागच्या जागी ताठ झाले, मामाजींच्या बाजूच्या सातांनी श्वास रोखला. माशी थोडी चालली, पाय घासले, आणि उडून शेवटच्या घरच्या म्हाताऱ्याच्या नाकावर जाऊन बसली. त्याने हात उचलला तर दोघांनी तो धरला. वारा लागला तर कौल बिघडायचा. म्हाताऱ्याने नाक आक्रसून, तोंड वेडंवाकडं करून ती माशी सहन केली, आणि ते पाहून आधी पोरं हसली, मग बायका, आणि मग मामाजीही. चार दिवसांत त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर बैठक जरा सैल झाली. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून जेवणाच्या गोष्टी निघाल्या. मागचा कौल कधी लागला होता नि तेव्हा किती वेळ लागला होता याच्या आठवणी निघाल्या. काकाजींनी मामाजींना पान दिलं, मामाजींनी खायचं नाही म्हणून कानामागे खोचून ठेवलं. माग बंद असले की गल्ली इतकी शांत असते हे मला ठाऊकच नव्हतं. भांडणाला निदान खटखटीचा आडोसा तरी असतो. इथे तोही नव्हता, तेव्हा माणसं हळू आवाजात आणि बरं बोलू लागली होती.

मी मात्र फुलांकडे पाहत नव्हते, मामाजींच्या हाताकडे पाहत होते. ते बसल्या बसल्या अंगठ्याने बोटांवरचं काहीतरी खरवडत होते. पांढरे पातळ पापुद्रे मांडीवर पडत होते. विणकराच्या हाताला खळ असतेच, त्याकडे गल्लीत कोण बघतो? पण ती खळ पहाटे मीच शिजवली होती. माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. वाळलेली खळ बोटांवर, त्यात फुलं ओली, म्हणजे खळ पुन्हा भिजली. फुलं पाण्याने चिकटलेली नव्हतीच. ती आमच्या खळीने देवीच्या अंगाला अशी डकवली गेली होती, की आता दसऱ्यापर्यंत गळायची नाहीत.

मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं घाबरल्या, पण खांदे हलत होते. हसत होत्या.

"आता काय करायचं?" मी विचारलं. मला काही हसू येत नव्हतं. बोलले तर चारचौघांत सासऱ्यांची मान खाली जाणार. ज्या माणसाने आयुष्यात लुगड्याचा एक धागा कमी विणला नाही, त्याने विरोधापायी देवीचा कौल बांधून ठेवला असं उद्या कोणीही म्हणेल. न बोलले तर फुलं अशीच राहणार, शनिवार जाणार, नळ पलीकडे जाणार, आणि मी पुन्हा त्या पायऱ्या उतरणार. पोटात बाळ नेमकं तेव्हाच फिरलं.

आत्याबाईंनी डोळे पुसले. "मी सांगतलं तं भांडण होईन," त्या म्हणाल्या. "तू जाय वं. पण बोलू नको जास्त."

फुलं लागली तेव्हा मी मंडपात नव्हते, म्हणून मला उठायला मोकळीक होती. मी घरी गेले. नुकत्याच आणलेल्या घागरीतून तांब्या भरला. मंडपात आले आणि सगळ्यांसमोरून चालत मामाजींपुढे जाऊन तो ठेवला. सासऱ्यांशी मी तोवर कधी समोर उभी राहून बोलले नव्हते.

"मामाजी," मी म्हटलं, "हात धुऊन घ्या जी."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे, मग आपल्या बोटांकडे. मग वर फुलांकडे. मी त्यांचा चेहरा अजून विसरले नाही. विणताना धागा कुठे तुटला ते सापडल्यावर माणूस जसा बघतो, तसा तो होता. राग नव्हता, सुटका होती.

ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. हात धुऊन, काही निमित्त काढून, नवी फुलं लावता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात सगळ्यांना दाखवले.

"खळ हाय हाताले," ते म्हणाले. "म्हणून फुलं पडून नाही राहिले. मी घरी गेलो होतो हात धुवायले. घरात पाण्याचा थेंब नव्हता. पोटुशी सून दोन घागरी घेऊन आली, ते पाणी तुमच्या-आमच्या खळीत गेलं." ते थांबले. "आपण फुलं पाहत बसलो. देवी सकाळपासून बोलून राहिली."

मग काकाजी उठले आणि जे बोलले त्याने मी थक्क झाले.

"असा कौल मी नाही घेत गा," ते म्हणाले. "उद्या कोणी म्हणन, फुलाशिवाय नळ घेतला. तू हात धू, अन् पुन्हा लाव."

"देवीले एकच गोष्ट दोनदा विचारते का कोणी?"

"पांजणीचं काय करशीन मंग?"

"ते माहं मी पाहतो."

"कसं पाहतो? नळापाशी चिखल नाही होणार का?"

आणि मग पुढचा तासभर काकाजी पांजणीची बाजू मांडत होते आणि मामाजी नळाची. दोघांनाही आपण जागा बदलल्याचं लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तरी मागे फिरायला लाज वाटत असेल. पण त्या भांडणातून कामाचं सगळं निघालं. नळाखाली गल्लीने आपल्या हाताने दगडी ओटा बांधायचा. सांडलेलं पाणी नालीने देवळामागे काढायचं. ताण्याचा खुंट देवळासमोरून सात-आठ हात आत घ्यायचा, आणि कुंचे दुसऱ्या टोकाकडून चालवत यायचे, म्हणजे माणसं देवळाकडे पोचेपर्यंत बायकांचं पाणी भरून झालेलं असेल. चार दिवस जे कोणाला सुचलं नव्हतं, ते उपाशी पोटी तासाभरात सुचलं. पुन्हा फुलं लावायची गोष्ट मग काकाजींनीही काढली नाही, हाच कौल सगळ्यांनी मानला. देवी बोलली की नाही यावर पुढे माझ्या मुलांनी माझ्याशी खूप वाद घातले आहेत. मी एवढंच म्हणते, की चौदा घरं एका जागी न जेवता बसवण्याचं काम माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं.

फुलं दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी कोमट पाणी घालून काढावी लागली. दोन्ही एकदमच निघाली.

नळ पंधरा दिवसांत आला, आणि त्यानंतर दीड महिन्याने माझी मुलगी. धडधाकट होती, नि गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज घेऊन आली होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला शेवटी जे सांगायचं आहे ते त्याच शुक्रवारचं आहे.

अर्ज तिथेच, मंडपात लिहायचं ठरलं, मग जेवण. या वेळी खांबाआडून नाही, मधोमध बसवून माझ्याकडून लिहवून घेतला. मजकूर झाला. खाली घरांची नावं घालायची आणि त्यापुढे सही किंवा अंगठा. पहिलं घर आमचंच. मी मामाजींचं नाव लिहायला दौतीत टाक बुडवला.

"माहं नको," मामाजी म्हणाले. "पाणी भरते तिचं लिही."

मी टाक तसाच धरून बसले. शाईचा एक थेंब पाटावर पडला. काकाजींनी मामाजींकडे पाहिलं, मग मागे वळून आपल्या बायकोला, काकूंना, म्हणाले, "तू पण ये इकडे. अंगठा दे." त्या लाजून उठेनात, तेव्हा दोघींनी त्यांना हाताला धरून आणलं.

मी माझं नाव लिहिलं. लग्नानंतर कागदावर ते पहिल्यांदाच येत होतं. अक्षर माझं चांगलं आहे, पण त्या दिवशी ते जरा तिरकं आलं. मामाजींना वाचता येत नव्हतं. ते शेजारी येऊन वाकले.

"कोणतं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी नुकतंच धुतलेलं बोट त्या अक्षरांच्या खालून, न टेकवता, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. तीन अक्षरं. मग पुन्हा एकदा नेलं, काही राहून तर गेलं नाही ना हे बघावं तसं.

"एवढंच?" ते म्हणाले. "एवढ्या घागरी, अन् नाव एवढंसं?"

मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि पुढच्या घराचं नाव मला काही केल्या दिसेना. आत्याबाईंनी माझ्या हातातला टाक काढून दौतीत ठेवला आणि म्हणाल्या, आधी पोरीला चार घास खाऊ द्या, मग लिहील.